बाणाईच्या मेंढरांना नवा रंग

१४ जानेवारी
संक्रांत. गिरणी बंद ठेवून एकटाच कपारीवर जाऊन आलो. पाऊण तासाची चढण आता दीड तास घेते. पायजमा कुसळांनी भरला. बाणाईची मेंढरं जागेवर आहेत. अठरा. त्यांच्यामागं काठी घेतलेली बाई. सगळी बोटभर उंचीची, विटकरी, एवढी पुसट की नजर बसायला वेळ लागतो. वडील सांगायचे, बाणाई कळप घेऊन इथनं गेली, तिची सावली दगडाला लागून राहिली. चित्राला हात लावायचा नाही, भंडारा खाली टाकायचा. मेंढरं कातरली की पहिली लोकर तिथं ठेवायची. आमच्यात आता मेंढरं नाहीत. शेजाऱ्याकडनं मूठभर लोकर मागून नेली. चालत असावी.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला चुन्याच्या खुणा मारल्यात. खडी क्रशरवाल्यांच्या.

१९ जानेवारी
कॉलेजातल्या मॅडमचा फोन. जुन्या चित्रांचा अभ्यास करतात. मी पाठवलेले फोटो अंधूक आहेत, पण बघून झोप उडाली म्हणाल्या. फार जुनं असावं, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहून देणार नाही. त्यांनी लिहून दिलं तर तहसीलच्या सुनावणीत डोंगर वाचेल. नाहीतर क्रशर. २९ ला येतायत.

२१ जानेवारी
ग्रामसभेत सांगितलं. चुलतभाऊ संपत सगळ्यात आधी उठला. "दादा, देव आपला हाय. कोण फोडतंय बघतोच." बरं वाटलं. आमच्या दोघांचं बोलणं कमीच असतं. मी म्हणालो, लांबनं पाहुणे येणार, देवाची जागा जरा नीटनेटकी दिसली पाहिजे. माझ्या मनात वाट होती. काटेरी झुडपं, गुटख्याच्या पुड्या, फुटके नारळ.

(ही ओळ नंतरची.) मनात होतं ते तोंडानं का सांगितलं नाही.

२५ जानेवारी, शिराळा
लेकीकडं. नात झाली. लय गोड. कपाळाला भंडारा लावला, एवढी शिंकली! सं.चा फोन: "काम जोरात हाय दादा. तुमी नातीकडं बघा, हिकडची काळजी सोडा." काळजी सोडली.

३० जानेवारी
काल लिहिता आलं नाही.

मॅडम सकाळी सातला वडूजला उतरल्या. त्यांना घेऊन वर निघालो. बाई चालायला चिवट. वाटेत विचारत होत्या, पाणी कुठं साठतं, कळप कुठं बसायचे. हिवराच्या सावलीत भाकरी सोडली. त्या म्हणाल्या, तुम्हाला हे कधीपासून माहीत? म्हणालो, चालायला लागल्यापासून. अभिमान वाटत होता. इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

वाट झाडून काढलेली. चुन्याचे पट्टे मारलेले. वरून हलगी ऐकू आली.

कपार चकाकत होती. तारेच्या ब्रशनं घासलेली, सोडा टाकून धुतलेली. वर ऑइलपेंट. बाणाईला हिरवं लुगडं, नथ, मोठे काळे डोळे. मेंढरं पांढरीशुभ्र, शिंगं सोनेरी. खाली "श्री बाणाई प्रसन्न". तालुक्याच्या बोर्डं रंगवणाऱ्या पेंटरनं.

सं. हात जोडून पुढं आला. "मॅडम, पैलं काय बी दिसत न्हवतं. आता खालच्या रस्त्यावनं बी दिसतंय का न्हाई?"

फवारणीचे पंप पाठीवर घेऊन बाप्ये तीन दिवस चढले होते. आयाबायांनी घागरी वर नेल्या. सं.चा तळवा सोड्यानं सोलला होता. एवढे कष्ट गावानं कुठल्या कामाला एकदिलानं केलेले मला आठवत नाहीत.

मॅडम दगडाजवळ गेल्या. मग फक्त, "हे कधी केलं?"

"तुमच्यासाठीच की ओ!" सं.

बायकांनी त्यांची ओटी भरली. त्यांनी ती घेतली. उतरताना कुठंही थांबल्या नाहीत. स्टँडवर म्हणाल्या, "मी खोटं कसं लिहू? पाहिलं ते ऑइलपेंट आहे." मला एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. तळहाताएवढ्या जागेचा रंग जाणकार माणसाकडनं काढता येईल. खाली काही उरलं असेल तर कळेल. त्यासोबत उरलेलंही निघून जाऊ शकतं. गावाची संमती हवी.

देवळात विषय काढला. सं. भडकला. "देवाच्या अंगाला ब्लेड लावायचं? दादा, तुमी माळकरी माणूस, आन तुमी बोलताय हे?" मी म्हणालो, देव खाली आहे, वर रंग आहे. कुणीतरी मागनं, "मंग खालचा देव आमाला कवा दाखवलासा?"

हात लावू नका, एवढंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं. का, ते आम्हालाच कुठं माहीत होतं.

मंगल ताट वाढताना म्हणाली, "आवं, त्यास्नी रागं भरू नगा. तुमीच साफ करा म्हणालासा न्हवं?" बायको आहे, खरं तेच बोलली. दोन घास खाऊन उठलो.

६ फेब्रुवारी
परत वर. नवीन घंटा लागलीय. सवयीनं हात जोडले आणि तसाच उभा राहिलो. त्या नथवालीला जोडले की खालच्या सावलीला? मन म्हणालं दोघी एकच. माझा विश्वास बसला नाही.

मग गुडघ्यावर बसून सगळा दगड बघितला. वीतवीत. खालच्या अंगाला, भेगेच्या आत, जिथं ब्रश शिरला नाही, तिथं एक मेंढरू. अर्धंच. दोन पाय आणि पोटाची रेघ. जुनं, विटकरी. मोबाईलच्या उजेडात किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक.

मागं सं. हातात रंगाची डबी, कुंचला. "दादा, बारीक बघताय जनू. कुठं ऱ्हायलंय का? सांगा, पुरं करून टाकतो."

"न्हाई."

"बघा हां. रंग लय हाय आजून."

"न्हाई म्हटलं ना."

"मग उचला भंडारा. उगं मागनं म्हणाल, संपतनं अर्धवट ठेवलं." हसत म्हणाला. थट्टाच करत होता.

मी भंडारा उचलला, आणि काही राहिलं नाही म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी आण घेतली. सं. डबी घेऊन खाली गेला. माझी पाठ भेगेला लावलेली, ती तशीच.

७ फेब्रुवारी
भेगेतले फोटो मॅडमना पाठवले. उत्तर: "मिळालं हे फार चांगलं. पण फारच थोडं आहे. यावर काय म्हणता येईल, बघते." गावाला सांगू का विचारलं. त्या म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा.

सांगितलं तर उद्या तिथंही घागर चढेल. नाही सांगितलं तर... पूजेला बसलो, हरिपाठ तोंडात, मन भेगेत.

११ फेब्रुवारी
सुनावणी परवा. मॅडमचा फोन नाही. मी दोनदा लावला, उचलला नाही.

संध्याकाळी सं. गिरणीवर आला. बगलेत गुंडाळी. पिठानं माखलेल्या जमिनीवरच उलगडली. दहा फुटी फ्लेक्स. हिरवं लुगडं, सोनेरी शिंगं, वर मोठ्या अक्षरांत "हजारो वर्षांपूर्वीचे चित्र".

"सायबाच्या टेबलासमोरच उभा करायचा दादा. हे बघितल्यावर कोन डोंगर फोडल?"

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरंच होतं.

मी म्हणालो, चांगला आलाय.

जीपमधे माझी जागा धरून ठेवलीय. एक बाजू तो धरणार, दुसरी मी.