आईचा फोटो, गव्हाची खळ आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय सेहेचाळीस, विमा कार्यालयात नोकरीला, अविवाहित, कोणाच्या दडपणाखाली नसताना आणि कसल्याही अमलाखाली नसताना (वासानेच झिंग आणणारा रबर सोल्यूशनचा डबा घट्ट झाकण लावून बाल्कनीत ठेवला आहे) माझ्या पश्चात काय व्हावे ते लिहून ठेवतो. गुरुवारी माझ्या पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. पित्ताशय त्यांचे नाही.

१. दोन खोल्यांचे घर व बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला. अट एकच: मोठ्या टेबलाची काच बदलू नये. तिच्यावरचे डाग कामाचे आहेत, आळसाचे नाहीत. (हे वाक्य पुन्हा तपासले. काही आळसाचे आहेत.)

२. ब्रश, घड्या दाबायची हाडाची पट्टी, वजनासाठी कागदात गुंडाळलेल्या दोन विटा आणि खळ शिजवायचे पातेले मागच्या गल्लीतल्या बाइंडरकाकांना. त्यांच्या हाताखाली येण्यापूर्वी मी कोलाजमध्ये, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेल्या माझ्या चित्रांत, सरसकट पांढरा गोंद थापत असे आणि पातळ कागदाला फोड येत. कागदाला आधी ओल पिऊ द्यायची, दोन मिनिटे गप्प बसायचे, मग मधून कडेकडे हात फिरवायचा, हे त्यांनी शिकवले. जे पुढेमागे काढावे लागेल ते गव्हाच्या खळीने लावायचे, कारण खळ पाण्याने सुटते. पांढरा गोंद वाळला की तुझा बापही काढू शकणार नाही, असे ते म्हणत. पातेले त्यांनी स्वतः घासून घ्यावे.

३. गोंदाच्या कांड्या, नऊ, आमच्या साहेबांना. त्या कांड्यांनी चिकटवलेले दोन महिन्यांत सुटते. साहेबांच्या आश्वासनांना सोबत होईल.

४. फ्रेमवाल्यास काहीही नाही. माझे काम हातात घेऊन त्याने, हे शाळेतल्या पोरांनी केलंय का, असे विचारले होते. ते मी सोसले. पण त्याने पाठीमागे रबर सोल्यूशनने पुठ्ठा डकवला, आणि वर्षभरात त्याचा पिवळेपणा माझ्या कोलाजमधल्या आकाशात उतरला. लोक ती संध्याकाळ समजून वाखाणतात, हे जास्त झोंबते.

५. (रद्द. का, ते लिहिणे भाग आहे.) या कलमान्वये मोठ्या कोलाजमधला आईचा फोटो ताईला मिळायचा होता. आई मनमोकळी हसते आहे असा तो एकुलता एक फोटो. अकरा वर्षांपूर्वी मी तो अल्बममधून न विचारता काढला. ताईकडे दुसरी प्रत आहे अशी माझी समजूत होती. नव्हती. मी आईला कात्रीने कापून एका कागदी खिडकीत बसवले. ताईने पाहिले आणि फोटो काढून मागितला. मी म्हणालो, पांढऱ्या गोंदाने लावलाय, आता निघणार नाही. तेव्हापासून ताई माझ्याशी फक्त कामापुरते बोलते.

त्या दिवशीची माझी डायरी अशी: "आईला खळीने लावले. ताईला पांढरा गोंद सांगितले. का?" उत्तर लिहिलेले नाही. आज लिहितो: हे कोलाज मांडायचे ते प्रदर्शन आठ दिवसांवर होते. आणि प्रदर्शन संपल्यावर खरे सांगायचे तर आधीचे खोटेही सांगावे लागले असते.

म्हणून या कलमात मी ताईसाठी कृती लिहिली होती. टीपकागद ओला करून फोटोवर ठेवावा, वीस मिनिटे थांबावे, बोथट सुरी आडवी सरकवावी, ओढू नये. कृती वाचून पाहिली आणि माझीच मला लाज वाटली. मी मेल्यावर तिने हे एकटीने करावे, आणि शिव्या द्यायला समोर मी नसावा, अशी ही सोय होती. शनिवारी तिला फोन केला. ती आली. मी सगळे सांगितले.

"अकरा वर्षं तुला माहीत होतं?"

"हो, ताई."

"आणि मरताना सांगणार होतास. तेही कागदावर."

मी उठून पाणी आणले. टीपकागद ओला केला. वीस मिनिटे आम्ही दोघे त्या कागदी खिडकीकडे बघत बसलो. सुरी मी सरकवत होतो आणि ती, अरे हळू, कान आहे तिचा, असे म्हणत होती. फोटो अख्खा सुटला. तिने तो तळहातावर घेतला आणि हनुवटी अगदी तुझ्यासारखी आहे रे, दुर्दैव तिचं, असे म्हणून मागची उरलेली खळ बोटाने पुसून काढली. मग म्हणाली, "गुरुवारी मी येतेय दवाखान्यात. भांडण अजून सुरूच झालेलं नाहीये, तेव्हा नीट शुद्धीवर ये."

फोटो ती पर्समध्ये, वहीच्या पानांत घालून घेऊन गेली. कोलाजमधली खिडकी रिकामी आहे. ती कोणी भरू नये.

६. कार्यालयातल्या वकीलबाई सांगतात, की मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. ताईला आता यातून काहीच मिळत नाही. म्हणून तिला आज पुन्हा बोलावले आहे.

ठिकाण: माझे टेबल, काचेची कमी डागांची बाजू.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा रविवार, दुपार.

लिहून देणार: सही

साक्षीदार १: सही, तळमजल्यावरचे शिंपी. (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.)

साक्षीदार २: सही, थोरली बहीण. (सगळा मजकूर वाचला. लिहून देणारा आज पूर्ण शुद्धीवर आहे. अकरा वर्षांपूर्वी नव्हता.)