धुऱ्यावरचा झेल

चामोर्शी,
१२ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप मामांच्या पायाशी उमाजीचे दंडवत. चांद्याच्या हवेत तुमचा दमा कसा आहे, मामींचे गुडघे काय म्हणतात, ते कळवावे. इकडे सगळी बरी आहेत. माझ्या उजव्या हाताची बोटे थोडी सुजली आहेत, पण काळजीचे कारण नाही. (कारण आहे. बोटं वांग्यासारखी झाली.)

तुम्ही दिलेल्या बॅटवर आमचा क्लब उभा आहे, म्हणून फिल्डिंगचा अहवाल देणे माझे कर्तव्य समजतो. धान निघाले की आम्ही गावाबाहेरच्या धानाच्या मोकळ्या बांध्यांत खेळतो. अडचण अशी, की प्रत्येक गडी आपापल्याच बांधीत उभा राहतो आणि चेंडू मधला मातीचा धुरा ओलांडून शेजारच्या बांधीत गेला की अदबीने थांबतो. दुसऱ्याच्या शेतातले काही उचलू नये, ही लहानपणापासूनची शिकवण. मागे पोंभुर्ण्याच्या गड्याने चेंडू आमच्या पत्रूच्या बांधीत मारला, तेव्हा पत्रू पाणी प्यायला गेला होता. आमचे सगळे धुऱ्यावर उभे राहून त्याला हाका मारत होते आणि पोंभुर्णेकर धावत होते. (उमाजी कप्तान. तोही हाकाच मारत होता.)

तेव्हा मी सुधारणा हाती घेतली. रोज सकाळी कवठांचे झेल दिले, उडी मारून धुरे ओलांडायला लावले. आणि नियम केला, की झेल दोघांच्या मध्ये आला तर एकाने दुसऱ्याचे नाव घेऊन 'सोड' म्हणून ओरडायचे. गडी तयार झाले.

परवा गोंडपिपरीशी सामना झाला. त्यांचा शेवटचा गडी, दोन धावा हव्या. चेंडू उंच उडाला आणि खाली आला तो नेमका माझ्या आणि शेजारच्या बांधीच्या मालकांच्या मधल्या धुऱ्यावर. (नाव घ्यायला काय जातं? देवाजी. त्याचा सख्खा थोरला भाऊ.) वाटणीत त्याच धुऱ्यावरून आमचे बिनसले आणि बोलणे बंद झाले, हे तुम्ही जाणताच. नियम माझाच होता. पण चार वर्षे ज्यांना हाक मारली नाही, त्यांना एका चेंडूसाठी कशी मारावी? त्यांनीही मारली नाही. (याबद्दल खाली.) दोघेही धावलो, डोकी आपटली, चेंडू माझ्या बोटांवर आदळून धुऱ्यावर जाऊन बसला. आता तो उचलायचा कोणी, हाही वादाचाच मुद्दा. आमचा झिंगू लांबून ओरडला, "अरे, काऊन पाहून राह्यले? कोनीतरी उचला नं!" तोवर गोंडपिपरीकर दोन्ही धावा काढून मोकळे झाले होते.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला भाचा,
उमाजी

ता. क. पुढच्या सामन्याला तुम्ही यावे आणि त्या धुऱ्यावर उभे राहावे. दम्याची चिंता नको, पळावे लागणार नाही. कोणी सोडायचे, तेवढे सांगायचे. तुमचे दोघेही ऐकतात.

ता. क. मामा, मी देवाजी. याला लिहिता येईना, घरात दुसऱ्या कोणाला अक्षर येत नाही, म्हणून त्याच्या बायकोनं, कुंतानं मला बोलावून आणलं. कंसातलं सगळं माझं. तो भिंतीकडे तोंड करून सांगतो, मी लिहितो. याला बोलणं म्हणत नाहीत, पण वाटणीनंतर त्याचा आवाज इतक्या जवळून ऐकला नव्हता. खरं सांगतो, त्या दिवशी मी 'उमाजी, सोड' म्हणालो होतो. चार वर्षांनी नाव घेतलं, तर आवाजच फुटला नाही. हे त्याला वाचून दाखवलेलं नाही. वैद्य म्हणतात, होळीपर्यंत हात बरा होईल. तुम्ही आले नाही तरी चालेल, पण उत्तर होळीच्या आत धाडा, म्हणजे त्याला पुन्हा एक पत्र मला सांगावं लागेल.