गिरणीच्या पत्र्याचा कॉम्प्युटर

आबा, तुमची गिरणी मी भंगारातून परत आणली. सगळी नाही, हाती लागली तेवढी. धाकट्या भावानं ती विकताना मला विचारलं नव्हतं, आणि का विचारावं? तुम्ही जाताना ती त्याच्याच नावावर करून गेला होतात. घरोघरी छोट्या गिरण्या आल्या, मुरूमच्या आपल्या गल्लीत दळण यायचं थांबलं, मग त्यानं ती जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली. मला हे कळलं भंगारवाल्याकडून. उमरग्याच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात तो मोडके कॉम्प्युटर आणून देतो, त्यानंच बोलता बोलता सांगितलं. मी तशीच उठून त्याच्याबरोबर गेले. दगड कुणीतरी नेले होते, मोटारही गेली होती. उरलं होतं धान्य ओतायचं पत्र्याचं नरसाळं, पुढचा हिरवा पत्रा आणि स्टार्टरचा डबा. त्याच्या फटींत पीठ अजून बसलेलं होतं.

तो डबा हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. त्या नागपंचमीचा आदला दिवस तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतो. पंचमीला कुणी दळत नाही, चिरत नाही, तव्यावर भाकरी टाकत नाही, म्हणून आदल्या दिवशी आपल्याकडे डब्यांची रांग थेट रस्त्यापर्यंत लागायची. नेमका तेव्हाच स्टार्टर बंद पडला. तुम्ही वायरमनला शोधायला गेलात. धाकटा ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मी मेन स्विच पाडते, डबा उघडते, काळे पडलेले पॉइंट पॉलिशपेपरनं घासते, सुटलेली तार आवळते आणि हिरवं बटण दाबते. तुम्ही वायरमन न मिळाल्यामुळे वैतागून परत येता, तर गिरणी चालू. कुणीतरी विचारलं, कुणी नीट केली? तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. माझे हात काजळलेले होते, ते तुम्हाला स्पष्ट दिसले. आणि तुम्ही म्हणालात, "आमच्या पोरानं केली की. लई हुशार हाय." रांगेतली एक म्हातारी मात्र गप्प बसली नाही. म्हणाली, "हात तर पोरीचे काळे हायत, गिरणीवाले." तुम्ही हसलात आणि तिचं दळण आधी घेतलंत.

घरी मी ताटावर बसले नाही, तेव्हा आईनं तुम्हाला कारण विचारायला लावलं. तुम्ही ओरडला नाहीत, हेच जास्त लागलं. तुम्ही समजावून सांगितलंत, अगदी शांतपणे: "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जायची. गिरणी त्याला चालवायचीय. त्याला काय येत न्हाय म्हणून गावात कळलं तर कोण दळण टाकंल?" हिशेब चोख होता, आबा. मी त्यात कुठंच नव्हते. त्या दसऱ्याला तुम्ही धाकट्याला पान्यांचा नवा संच आणलात आणि मला बांगड्या. पान्यांना गंज चढला, कारण ते कधी डब्यातून बाहेरच आले नाहीत. बांगड्यांचं काय झालं ते मी सांगत नाही.

तर त्या पत्र्याची मी कॉम्प्युटरची पेटी केली. आयुष्यात पहिल्यांदाच अशी, स्वतःच्या मनासारखी. मुलं हल्ली सात रंगांचे दिवे लावलेल्या काचेच्या पेट्या घेतात, मी गिरणी केली. आतले भाग दुकानात लोक सोडून गेलेल्या मेलेल्या मशिनींमधून काढले. नरसाळ्याच्या तोंडात पंखा बसवला, तिथून गार हवा आत येते. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की कॉम्प्युटर चालू होतो. आत एकच मिणमिणता पिवळा दिवा लावलाय, आपल्या गिरणीत होता तसाच. पुढं पीठ पडायची कापडी बाही होती ना, ती गरम हवा बाहेर जायच्या भोकावर शिवून बसवली. आणि तिथंच फसले. गिरणीत पीठ उडू नये म्हणून बाहीला जाड मांजरपाट लागतो, हे डोक्यात इतकं पक्कं की इथंही तोच शिवला. हवा कोंडली, मशीन तापून आपोआप बंद. कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारी बाई मी, आणि चूक केली ती गिरणीवाल्याच्या लेकीची. स्वतःवर हसले, मग मच्छरदाणीच्या कापडाची बाही शिवली. आता दिवसभर चालतो, मी बिलंसुद्धा त्याच्यावरच काढते.

धाकटा दुकानात आला होता. त्याला आवडलं, खोटं का बोलू. त्यानं फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आबांची आठवण.' झालं. काका, आत्या, मामा, सगळे त्यालाच: शाबास, बापाचं नाव काढलंस. त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी फोन करून विचारलं तर म्हणाला, "म्या केलं असं कुठं म्हणलो? तेच समजले. आता सांगत बसू व्हय सगळ्यांला?" तुमचाच मुलगा. तुम्ही त्याला गिरणी दिलीत, घर दिलंत, आणि माझ्या हातचं काम गपचूप आपलं म्हणून घ्यायची सवय दिलीत. गिरणी त्यानं विकली. सवय तेवढी जपली. मला तुमचा राग येतो, आबा, त्याच्यापेक्षा तुमचाच जास्त. त्याला कुणी शिकवलं तेव्हा मी समोर उभी होते.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. त्याऐवजी इथं लिहिलं, आणि हे कुणाला दाखवायचं नाही, धाकट्याला तर नाहीच. तुम्ही असतात आणि माझ्या दुकानाची पायरी चढून आला असतात, तर नरसाळ्यावरून हात फिरवून तुम्ही पहिल्यांदा हेच विचारलं असतंत, "धाकट्यानं केलं व्हय?" याबद्दल मला जराही शंका नाही. फक्त एक सांगते. तेवढंच विचारायला आला असतात, तरी मी खुर्ची पुसून दिली असती.