काळं बटण, पांढरं बटण

२ ऑक्टोबर १९८८, मांडवी

आजही कचराच! तुळसाने उशीजवळची बटणं दाबली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटलं — "बाबल्या पाठ". ह्याचा अर्थ काय काढायचा माणसाने? म्हटलं, लेकाची आठवण आली असेल. तिच्याजवळ बसून सांगत राहिलो — बाबल्या दिवाळीला येतोय, त्याची बायको प्रेमलाही येईल, लाडू आणतील. तिने डोळे मिटून घेतले.

तिची वाचा पावसाळ्याआधीच गेली. उजवं अंगही गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. डॉक्टर म्हणतात, "समज किती राहिली, सांगता येत नाही." हात दाब म्हटलं की दाबते — पण सगळ्यालाच दाबते, म्हणून बाबल्या ते धरत नाही. "बाबा, आईला काही कळत नसेल तर मुंबईला नेतो. तिथे बाई ठेवता येईल." कळतं रे तिला! पण माझ्या म्हणण्याला विचारतो कोण? तिनेच बोलून दाखवायला हवं. दिवाळीच्या आत.

५ ऑक्टोबर

निदान ह्या पानाला तरी नीट सांगतो, सांगता सांगता चूक सापडेल.

तिच्यासमोर तक्ता टांगलाय. एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला शब्द. प्रत्येकापुढे चार ठिपके, काळे नाहीतर पांढरे. काळ्याला काळं बटण, पांढऱ्याला पांढरं. आधी चार ठिपके नावाचे, मग चार शब्दाचे. माझा जन्म तार ऑफिसात गेला. पत्ता नसलेली तार कधी पुढे गेली आहे? तेव्हा आधी पत्ता, मग मजकूर. दोन्ही चौकड्या मिळून आठ ठिपके, कॉम्प्युटरच्या भाषेत आठ बिट, म्हणजे बरोबर एक बाइट होतो. प्रोग्राम लिहायची सी भाषा मी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो. मशीन कॉम्प्युटर क्लासवाल्या सावंतांनी मोडीत काढलेलं. प्रोग्राममधलं एक फंक्शन ठिपक्यांचं गाठोडं बांधतं, दुसरं ते सोडून शब्द काढतं. बस, एवढीच माझी लायब्ररी!

मी दाबतो तेव्हा सगळं चोख. "दत्ताराम पाणी". "चंपा चहा". जे बांधलं तेच सुटतं. तिने दाबलं की कचरा.

मग चूक कुठे राहिली? पुढचं लिहवत नाही.

९ ऑक्टोबर

वीज गेली. दिवसभराचं काम पाण्यात. फ्लॉपीवर उतरवायचं राहिलं होतं — गाढव आहेस, दत्ताराम!

१३ ऑक्टोबर

खाऱ्या हवेने फ्लॉपीला बुरशी धरते, म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवतो. शेजारची चंपा आज भात टाकायला आली आणि ओरडली, "भाऊ, तांदळात ह्ये काळे पापड कसले ओ?" किती दिवसांनी हसलो.

आणि तिच्यासमोरच तुळसाने दाबलं — "चंपा वेणी". बरोबर! अगदी बरोबर! चंपाने वेणी घातली. मी वेड्यासारखा मशीनपुढे नाचलो. चंपा घरी गेली आणि पुन्हा "बाबल्या पाठ". पुन्हा "प्रेमला ऊन". प्रेमला कुठली इथे आणायला?

मग ते मघाचं काय होतं? योगायोग?

१८ ऑक्टोबर

तुळसाला मोरीत नेताना पाय घसरला. तिला सावरलं, माझा घोटा मुरगळला. कुणाला सांगितलं नाही.

२३ ऑक्टोबर

बाबल्याचा फोन. पोस्टमास्तरांनी निरोप धाडला म्हणून लंगडत गेलो. सगळं सांगितलं, चंपाच्या वेणीचंही. तो म्हणाला, "बाबा, किती फसवून घेणार स्वतःला?"

येताना जेट्टीवर बसलो जरा. त्याचं खरं असेल तर? बाइट, बिट, गाठोडी — सगळा एका म्हाताऱ्याचा पोरखेळ?

२९ ऑक्टोबर

आज ओरडलो तिच्यावर. लग्न झाल्यापासून एवढ्या मोठ्याने बोललो नव्हतो. "आधी नाव, तुळसा! मी समोर बसलोय ना? मग माझं नाव दाब! दत्ताराम! चारच ठिपके तर आहेत!"

तिने हात गोधडीखाली ओढून घेतला.

मशीनची वायर काढून ठेवली. संपलं.

३१ ऑक्टोबर

सकाळी रेशनकार्डं तपासायला माणूस आला होता. चंपा अंगणातच होती. त्याने तिला विचारलं, "नवऱ्याचं नाव?" चंपाने पदर तोंडाला लावला. "भाऊ, तुमीच सांगा ओ. मी कशी घेव त्येंचं नाव?" मी सांगितलं, "सखाराम." तो लिहून घेऊन गेला.

एवढ्या संसारात तुळसाने एकदा तरी नाव घेतलंय माझं? "अहो." "ऐकलंत का." नाहीतर नुसत्या बांगड्या वाजवायच्या. आणि मी तिला नवऱ्याचं नाव दाबायला लावतोय! तिने ते कधी दाबलंच नाही. सरळ शब्दच दाबत होती. माझं मशीन मात्र पहिल्या चौकडीला नावच समजायचं. दोन्ही याद्यांचे ठिपके सारखेच. बाबल्याचे तेच "दुखतंय"चे. प्रेमलाचे तेच "नको"चे.

दुखतंय. पाठ.

आणि मी तिला लाडवांच्या गोष्टी सांगत बसलो होतो!

चंपाला बोलावून तुळसाला कुशीवर वळवलं. पाठीला केवढी जखम झालीय, देवा.

३ नोव्हेंबर

तिसरं बटण बसवलं — "संपलं"चं. ते दाबल्यावर आठ ठिपके भरले तर आधी नाव, मग शब्द. चारच भरले तर नुसता शब्द — तो माझ्यासाठी. नाव घ्यायची गरज नाही.

तिला समजावून सांगितलं. तिने गोधडीखालचा हात बाहेर काढला. मग दाबलं — "चहा".

६ नोव्हेंबर

"ऊन." खिडकी लावली. "नको." परत उघडली. औषध — "नको"! नको ऐकून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

दुपारी "पाय" आलं. तिचे पाय चेपायला घेतले तर पुन्हा "पाय". वर बघतो तो नजर माझ्या सुजलेल्या घोट्यावर. म्हटलं, "काही नाही गं, बरा आहे."

"नको."

१२ नोव्हेंबर

काल बाबल्या आला. तिने "बाबल्या चहा" दाबलं तेव्हा तिच्या पायांवर डोकं ठेवून रडला. म्हणाला, "बाबा, चुकलो मी. आता आईच सांगेल, इथे राहायचं की माझ्याकडे यायचं." मी निर्धास्त होतो. तक्त्यावर मीच माझ्या हाताने दोन शब्द वाढवले — घर, मुंबई.

तिने दाबलं, "बाबल्या मुंबई".

मी म्हटलं, "चुकलं असेल गं, परत दाब."

माझ्याकडे न बघता तिने परत दाबलं. एक ठिपकाही इकडचा तिकडे झाला नाही.