बोलायला पाठवलं होतं

अबायो सहरा,

धाकट्या बहिणीचा मिनियापोलिसहून सलाम. मी बरी आहे, जेवते नीट. तुझा गुडघा कसा आहे?

आई गेल्यापासून झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी मला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिला शेवटचं पाहताही आलं नाही, म्हणून मी रडत होते. बाईंनी मान कलती करून विचारलं, "नवरा मारतो का? डोक्यावरचं हे त्यानंच घ्यायला लावलं ना?"

"बाई, माझी आई गेलीय."

"हो, पण तुमच्यात बायकांना बोलूच देत नाहीत," म्हणाल्या. मला बोलू न देता! अशी किळस आली की तशीच उठून बाहेर आले. आणि नवरा? लिबान बिचारा खाली गाडीत माझ्यासाठी चहा घेऊन बसला होता. त्याला काय सांगणार?

आता इथंच राहणाऱ्या आपल्या हर्गेसाच्या होदानकडे जाते. तीही समुपदेशनच शिकलेली. तिनं आधी विचारलं, "आईचं नाव काय गं?" मग मी पोटभर रडले. झोप थोडी येते. पण त्या बाईंचा गोड आवाज आठवला, की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आईच्या कबरीवर जाशील तेव्हा माझा सलाम सांग. त्या बाईंचं मात्र सांगू नकोस. उठून शिव्या देईल ती.

तुझीच,
उबाह