डोळस माणसाची ओळ

माय, तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं ते आता मला कळलं आहे. मोतीबिंदू नव्हता तो. काचबिंदू होता. आणि तो आता माझ्याकडे आला आहे. शेतीतला वाटा भावाला मिळाला, माझ्या वाट्याला हे आलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कोणाला होता का?" मी नाही म्हणालो, कारण आपल्या घरात त्या आजाराचं नावच कधी कोणी घेतलं नव्हतं. नंतर रिक्षात बसलो आणि तू आठवलीस, ब्राह्मणपुरीच्या घराच्या भिंतीला हात लावत चालणारी. सगळे म्हणत होते, "अजून पिकना नही, पिकू दे, मंग काढू." जणू आंबाच होता तो. पिकायची वाट बघता बघता तुझी सगळी नजर गेली. गेलेली परत येत नाही, असं डॉक्टरांनी मला सांगितलंय. थेंब घालून आहे तेवढी टिकवायची. माझी कडेकडेची तर गेलीच आहे, आता मी नळीतून बघतो. मिरचीचा हंगाम चालू होता, बाजाराजवळून जाताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रिक्षावाला म्हणाला, "मिरची शे ना साहेब." नंदुरबारात या दिवसांत रडायची हीच सोय आहे, कोणी कारण विचारत नाही.

तू गेलीस तेव्हा मी नोकरीला नवा होतो. आता एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बसतो आणि दिवसभर संगणकावर विद्यार्थ्यांचे अर्ज भरतो. दिसेनासं झालं तर पहिली जाईल ती ही खुर्ची. मुलीचं शिक्षण अजून व्हायचंय. साहेब चांगले आहेत, पण चांगला साहेब तरी न दिसणाऱ्या कारकुनाचं काय करणार? एका रविवारी चाचपडत शोधताना कळलं, की संगणकाच्या पडद्यावर जे असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारी एक प्रणाली आहे. फुकट आहे, एका कोणाच्या मालकीची नाही. जगभरातले लोक आपापल्या घरी बसून ती बनवतात, आणि कोणीही तिच्यातलं चुकलेलं दुरुस्त करून पाठवू शकतो. मला वाटलं, सुटलो. मग ती कशी वापरायची ते सांगणारं मराठी पान उघडलं. पहिलंच वाक्य, "एखाद्या डोळस माणसाला मदतीला बसवून घ्या." दुसरं, "खाली उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या चिन्हावर टिचकी मारा." मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. निळं चिन्ह दिसत असतं तर इथे कशाला आलो असतो रे बाबांनो! पण पानाच्या तळाशी लिहिलं होतं, की नवशिक्यांनी आपण कुठे अडलो ते लिहून कळवावं, जाणत्यांना ते आता आठवत नाही.

जाणत्यांना आठवत नाही, हे वाचलं आणि मला तुझं स्वयंपाकघर दिसलं. वहिनी नवी आहे, लग्नाची हळद अजून उतरलेली नाही. तिने मिठाची बरणी उचलून फडताळात नीट ओळीत लावली आहे, आणि तू सगळ्या घरासमोर तिच्यावर कडाडतेस, "मीठ कोणी हालाडं? जठे व्हतं तठेच ठेव!" वहिनी रडकुंडीला आली. पण नंतर तूच तिला जवळ बसवून भाकरी शिकवलीस. तू म्हणालीस, "तवावर पानी शिपड. चर्रर करं का मंगच भाकर टाक. चुल्हाना डावा हातले मीठ, मीठना मांगे तेल." भाकरी लाल झाली का, फुगली का, असं एकदाही म्हणाली नाहीस. वास कधी बदलतो, कड कधी सुटते, बोटाला काय लागतं, एवढंच. आम्हाला वाटायचं, काय हातोटी आहे म्हातारीची. हातोटी कसली माय, तुला दिसतच नव्हतं.

मी ते पान तसं लिहायला घेतलं. रंग काढले, कोपरे काढले. डावा हात कुठे, उजवा कुठे, कोणती कळ दाबली की कोणता आवाज यायला हवा, नाही आला तर काय करायचं. एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. इतकी वर्षं टंकलेखन करून मला तो माहीत नव्हता, बोट अडलं तेव्हा कळला. ती पानं तपासणारा एक माणूस आहे, जन्मापासून आंधळा, दुसऱ्या गावचा. त्याने कळवलं, "पडदा बंद करून एकदा सुरुवातीपासून करा, मग पाठवा." मी पडदा बंद केला. संगणक गप्प. आवाज आधीच कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवला होता आणि माझ्या पानावर मीच लिहिलं होतं, "आवाज चालू आहे का बघा." बघा! मी कळा बडवत बसलो, घामाघूम झालो. खोलीत दार कुठल्या बाजूला आहे तेही क्षणभर सुधरेना. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली माय. पुढे आयुष्यभर असंच असणार, आणि मी पहिल्या पायरीवरच पडलो होतो. शेवटी हार मानून पडदा परत चालू केला.

ती जागाही दुरुस्त केली आणि पान पाठवलं. त्याचं उत्तर यायला पुष्कळ दिवस गेले. तोवर कार्यालयात एका मुलाचं नाव मी दुसऱ्याच्या अर्जावर चढवलं, आणि शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "चष्मा बदला आता भाऊ." मी हसलो. घरीही हेच सांगितलंय, नंबर वाढलाय म्हणून. थेंबांची बाटली कपाटात शर्टांच्या मागे असते. बायको विचारते, मी म्हणतो डोळ्यांची आग होते, मिरची दुसरं काय.

मग उत्तर आलं. लिहिलं होतं, "सगळं घेतलं. तुमच्यामुळे नव्या माणसाची वाट सोपी होईल. फक्त एक विचारतो. डोळस माणसाला बसवून घ्या ही पहिली ओळ तुम्ही का काढलीत? पहिल्या दिवशी एकट्याने बसणारे बहुतेक सोडून देतात. मी माझ्या बहिणीला बसवलं होतं. तुमच्या घरी कोणी नाही का?" त्याने साधं विचारलं होतं, पण मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, नळीतून एकेक शब्द धरून.

तेव्हा ती ट्यूबलाइट आठवली. पहिल्या पगारातून तुझ्या स्वयंपाकघरासाठी आणलेली. मी स्टुलावर चढून ती लावली, खाली उतरलो, बटण दाबलं आणि तू तोंडभर हसून म्हणालीस, "कितला उजेड पडना रे भाऊ!" तेव्हा वीज गेलेली होती. ट्यूब पेटलीच नव्हती. आम्हाला वाटलं तू माझी थट्टा करतेस, आम्ही पोट धरून हसलो, आणि तूही आमच्यात हसलीस. कोणी विचारलंच तर दिसतंय असंच तुझं ठरलेलं उत्तर असे, "माले दिखस ना." भाकरीवरून, मिठाच्या बरणीवरून तू सगळं घर चालवलंस, पण एकदाही म्हणाली नाहीस की कोणीतरी माझ्याजवळ बसा. म्हणाली असतीस तर तुला नंदुरबारला आणलं असतं, कोणास ठाऊक, थोडी नजर राहिली असती. मला तुझा राग येतो, आणि तो काढायला तू नाहीस.

ती ओळ मी आज परत घातली. माझ्या शब्दांत लिहिली, "पहिल्या दिवशी घरातलं माणूस शेजारी बसवा. लाजू नका." त्याने लगेच मान्य केली. आता ते पान कुठे कुठे उघडत असेल, आणि कोणीतरी आपल्या बायकोला, बहिणीला हाक मारत असेल.

हे पत्र मी पडदा बंद करून लिहितोय, सरावासाठी. पाठवायचं कुठे, म्हणून चुकलं तरी चालेल. दिवेलागणीची वेळ आहे. बायको आत्ताच पीठ लागलेल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "पडदा बंद शे, आन तुम्ही लिखी ऱ्हायनात? दिखस का तुमले?"

शेजारची खुर्ची रिकामीच होती. मी म्हणालो, "दिखस ना."