बरडवर उतरलेलं विमान

माय, तुला जाऊन किती वर्षं झाली ते मोजणं मी सोडून दिलंय. पण परवा ब्राह्मणपुरीच्या वाटेवर आपलं काळं शेत पाहिलं, कापूस कमरेला लागलेला, आणि एकटाच मोठ्यानं हसलो. नातवाला वाटलं, आजोबांना ऊन लागलं.

लढाईचे दिवस होते. मोठा विमानतळ लांब. अडचणीत सापडलेल्या विमानाला उतरता यावं म्हणून आपल्याकडे एक साधी धावपट्टी करायची होती. मी त्या कामावर कारकून, गोऱ्या साहेबाच्या मागं नकाशे धरून. आणि साहेबानं लाल झेंड्या रोवल्या त्या नेमक्या आपल्या शेतात! सपाट, मोकळं, उन्हाळ्यात दगडासारखं टणक, त्याला आवडलंच. आपल्याकडे तेवढं एकच शेत. मी घरी येऊन खाली मान घालून सांगितलं. तू भाकरी थापत होतीस. तवा उतरवलास आणि तशाच पिठाच्या हातांनी निघालीस.

साहेबासमोर उभी राहून तू म्हणतेस, "हाई काळी जमीन शे, साहेब. पानी पडनं की तुन्हं इमान गडी जाई. तठे बरडवर उतार." बरड म्हणजे गावामागची ती मुरमाड पडीक जमीन, जिथं गवतसुद्धा रुसून उगवतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबाला शहाणपण शिकवते! मी खेकसलो, "माय, घर जाय!" तू माझ्याकडं वळलीस. "तुन्हा साहेबले नांगर धरता येस का? नई ना? मंग चूप ऱ्हाय. त्याले सांग, दोन्हीकडे पानी टाक आन मोटार चालाडी देख."

साहेबाला तुझी बोली कळत नव्हती. मी इंग्रजीत सांगितलं बाबा. साहेब हसला, पण हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून गल्लीतल्या बाया घागरी वाहतायत. एक पट्टा आपल्या शेतात भिजवला, एक बरडवर. ऊन कलल्यावर दगडांनी भरलेली मोटार आली. बरडवरून गेली ऐटीत. आपल्या शेतात शिरली आणि अहाहा, चाकं अर्धी गडप! साहेब लालबुंद. तू पदर खोचून विचारलंस, "मन्हा बैल जुपू का?" आपल्या बैलांनी सरकारची मोटार ओढून काढली तेव्हा सगळं गाव शिट्ट्या मारत होतं. दिवस मावळायच्या आत झेंड्या उपटून बरडवर गेल्या.

पुढं श्रावणात एक भरकटलेलं विमान खरंच आलं आणि सुखरूप उतरलं. तू चिखलात नाचलीस. "मन्ही बरडवर इमान उतरनं!" माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू.

एक मात्र राहिलं. मोटार निघाल्यावर साहेबानं इंग्रजीत विचारलं होतं, ही युक्ती कुणाची? मी म्हणालो, माझी. त्यानं माझी पाठ थोपटली. पुढची नोकरी मला त्यावरच लागली. तू विचारलंस, "काय बोलना साहेब?" मी म्हणालो, तुला शाबासकी दिली. मरेपर्यंत तू भर बाजारात सांगत होतीस, "साहेबनी माले शाबासकी दिधी."

तेव्हा त्यानं तुझ्याकडं पाहिलंही नव्हतं, माय. काल नातवाला सगळं खरं सांगितलं, आता तुला लिहितोय. हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकू? राहू दे वहीतच. युक्ती तुझी होती. शाबास, माय.